चाकाचे फेरे आणि वाटेचा हिशोब

'गाडीचा काटा खरं बोलतो का?' हा आजचा विषय. स्कूटर असो, कार असो की रिक्षा, समोरच्या आकड्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. एक आकडा सांगतो आपण किती वेगात आहोत, दुसरा सांगतो गाडी आजवर किती चालली. या दोन आकड्यांमागे बरीच जुनी गोष्ट आहे.

पूर्वी आपल्याकडे अंतर कोसात सांगत, पण एका भागातला कोस दुसऱ्या भागातल्या कोसाएवढा नसे. चालून दमलेल्या माणसाला तर प्रत्येक कोस लांबच वाटतो. म्हणून माणसानं चाकाला कामाला लावलं. चाकाचा घेर ठाऊक असला आणि फेरे मोजले, की अंतर निघतं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या व्हिट्रुव्हिअसनं आपल्या ग्रंथात अशी गाडी सांगितली आहे. चाकाचे चारशे फेरे झाले की रोमन मैल पुरा व्हायचा आणि एक गोटा खालच्या भांड्यात टणकन पडायचा. मुक्कामाला पोचल्यावर गोटे मोजायचे. चीनमधल्या गाडीवर लाकडी बाहुला असे. दर 'ली' अंतराला तो ढोल वाजवी.

पण अचूक मोजणं किती गरजेचं असतं, हे कळतं अमेरिकेतल्या 1847 सालच्या एका प्रवासातून. मॉर्मन पंथाची माणसं छळाला कंटाळून पश्चिमेकडे निघाली होती. पहिल्या तांड्यात 143 पुरुष, 3 बायका आणि 2 मुलं होती. मागून हजारो कुटुंबं येणार होती. पुढचं पाणी किती मैलांवर, बैलांना चारा कुठे, आजचा मुक्काम कुठवर गाठता येईल, हे त्या कुटुंबांना आधी कळायला हवं होतं. आकडा चुकला तर लेकराबाळांसह कोरड्या माळावर रात्र काढायची वेळ.

रोजच्या वाटचालीची नोंद विल्यम क्लेटन ठेवत असे. तो आणि बरोबरची माणसं अंदाजानं मैल सांगत आणि दिवसाच्या चालीत दोन ते चार मैलांचा फरक पडे. बाकीच्यांना वाटे, हा कमीच सांगतो. शेवटी त्यानं एका गाडीचं चाक मोजलं. घेर भरला 14 फूट 8 इंच, म्हणजे बरोबर 360 फेऱ्यांचा एक मैल. चाकाला खुणेसाठी लाल चिंधी बांधली होती, असं सांगतात. 8 मे रोजी तो दिवसभर गाडीशेजारून चालत फेरे मोजत राहिला. भरले 4,070 फेरे, म्हणजे सव्वाअकरा मैल आणि वर 20 फेरे. इतरांचा अंदाज याहून बराच जास्त होता.

रोज असं मोजत चालणं कुणाला जमणार? मग ऑर्सन प्रॅटनं दातेरी चाकांची योजना आखली आणि अ‍ॅपलटन हार्मन या सुतारानं लाकडाचं यंत्र घडवलं. गाडीच्या चाकाचे सहा फेरे झाले की आतला स्क्रू एकदा फिरायचा, आणि साठ दात्यांचं चाक पुरं फिरलं की मैल झाला. सहा गुणिले साठ, तीनशे साठ. क्लेटननं 1848 मध्ये छोटं पुस्तक छापलं. त्यात 1,031 मैलांच्या वाटेवरच्या नद्या, झरे आणि मुक्काम अंतरांसह दिले होते. मागून आलेली कुटुंबं त्या पुस्तकाच्या आधारानं चालली.

आपल्या गाडीतला किलोमीटरचा आकडाही फेरेच मोजतो. म्हणून त्याची चूक बहुधा चाकातून येते. टायर झिजला की घेर कमी होतो आणि तेवढ्याच वाटेला फेरे जास्त लागतात. तीनशे मिलिमीटर त्रिज्येच्या चाकाचा सहा मिलिमीटर रबर झिजला, तर शंभर किलोमीटरला सुमारे दोन किलोमीटर जास्त दिसतात. उलट, मूळ मापापेक्षा मोठा टायर बसवला तर आकडा कमी दिसतो.

वेगाच्या काट्याची गोष्ट वेगळी. जर्मनीच्या ओटो शुल्त्सेनं 1902 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात चाकाबरोबर लोहचुंबक फिरतं. त्याच्या ओढीनं शेजारची धातूची वाटी वळू पाहते आणि बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. चुंबक क्षीण झालं, स्प्रिंग सैल पडली, की काटा चुकतो. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक 39 मध्ये अट आहे: काट्यानं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक चार किलोमीटर, इतपत चालेल. म्हणजे गाडी खरोखर 60 नं जात असेल तर काट्यावर 60 ते 70 पर्यंत काहीही दिसू शकतं. म्हणूनच मोबाईलवरचा वेग बहुतेकदा काट्याहून थोडा कमी दिसतो. काटा जास्त दाखवतो म्हणून किलोमीटरही तेवढेच फुगलेले असतील, असं मात्र नाही. आजच्या गाड्यांत ही वाढ फक्त काट्यापुरती ठेवता येते.

यंत्राच्या चुकीहून माणसाची लबाडी मोठी. जुनी गाडी विकताना आकडा मागे फिरवण्याचे प्रकार इतके वाढले, की अमेरिकेनं 1972 मध्ये त्याविरुद्ध देशभराचा कायदा केला. डिजिटल आकडाही बदलता येतो. तेव्हा मैत्रिणींनो, जुनी गाडी घेताना नुसता आकडा पाहू नका. सर्व्हिसिंगची बिलं मागा आणि त्यांवरचे किलोमीटर तारखेनुसार वाढत गेलेत का, ते पाहा. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज, सीटची अवस्था बघा. गाडी वीस हजारच चालली म्हणतात आणि पेडल गुळगुळीत झालंय, तर व्यवहार थांबवा आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवा.

तुमच्या गाडीचा आकडा पडताळायचाय? हायवेवर किलोमीटरचे दगड असतात. सोबतच्या कुणाला तरी दहा दगड मोजायला सांगा आणि आकडा किती सरकला ते ताडून पाहा. गाडी चालवणारीनं मात्र लक्ष रस्त्यावरच ठेवायचं. क्लेटननं वापरली ती हीच रीत, फक्त आपल्याला चार हजार फेरे मोजावे लागत नाहीत.