पोस्टडॉक फेलोशिप: वैद्यकीय संशोधनासाठी अर्ज कसा करायचा आणि तो कुठे अडकतो?

पीएचडीची तोंडी परीक्षा संपते, गाइड अभिनंदन करतात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावापुढे 'डॉ.' लावलेले मेसेज येतात. आणि थोड्याच दिवसांत फेलोशिपचे पैसे थांबतात. प्राध्यापकाची जागा लगेच मिळेल अशी स्थिती नसते, कंपनीतली नोकरी मनासारखी नसते आणि संशोधन सोडवत नाही. पीएचडी आणि स्वतःची प्रयोगशाळा यांच्यामधल्या या टप्प्याला पोस्टडॉक म्हणतात.

जैववैद्यकीय संशोधनात हा टप्पा टाळून पुढे जाणारे फारच थोडे. त्यासाठीच्या फेलोशिप आहेत, पैसेही बरे आहेत. पण बहुतेक जण तयारीची सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. म्हणजे आधी प्रस्ताव लिहायला बसतात. प्रत्यक्षात त्याच्या आधी दोन गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात: तुमच्याकडे किती वेळ उरला आहे आणि तुम्ही कोणाच्या प्रयोगशाळेत जाणार आहात.

नोकरी वेगळी, फेलोशिप वेगळी

पोस्टडॉक दोन वाटांनी करता येतं. पहिली वाट म्हणजे एखाद्या शास्त्रज्ञाला मंजूर झालेल्या प्रकल्पात रिसर्च असोसिएट म्हणून लागणं. प्रश्न त्यांचा, पैसे त्यांच्या प्रकल्पाचे, प्रकल्प संपला की तुमचं पद संपलं. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार रिसर्च असोसिएटच्या तीन पायऱ्यांना दरमहा ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा.

दुसरी वाट फेलोशिपची. इथे निवड तुमची होते, प्रश्न तुमचा असतो आणि पैसे तुमच्या नावावर मंजूर होतात. पुढे स्वतंत्र शास्त्रज्ञ म्हणून अर्ज करताना या ओळीला वजन असतं.

महाराष्ट्रात सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या फेलोशिपची चर्चा नेहमी होते, त्यामुळे एक गोंधळही होतो. त्या फेलोशिप पीएचडी करणाऱ्यांसाठी आहेत. पीएचडीनंतरचं दार वेगळं आहे आणि ते मुख्यतः केंद्रीय किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांकडे आहे.

आधी तारीख बघा

प्रत्येक योजनेची एक मुदत असते आणि ती अर्जाच्या शेवटच्या तारखेपेक्षा जास्त महत्त्वाची असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, पोस्ट डॉक्टोरल फेलोशिप पदवी मिळून तीन वर्षांच्या आत असलेल्यांसाठी आहे. आधी 'सर्ब'कडे असलेली आणि आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आलेली नॅशनल पोस्ट डॉक्टोरल फेलोशिप ३५ वर्षं वयापर्यंत. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसी उमेदवारांना त्यात पाच वर्षांची सूट मिळते.

डीबीटी-वेलकम इंडिया अलायन्सच्या अर्ली करिअर फेलोशिपला वयाची अटच नाही. तिथे पीएचडीनंतर संशोधनात किती काळ गेला ते मोजतात. आतापर्यंतच्या फेऱ्यांत पीएचडीच्या शेवटच्या वर्षापासून साधारण चार वर्षांच्या अनुभवापर्यंत अर्ज करता येत होता. युरोपात जायचं असेल तर एम्बोची फेलोशिप आहे. भारत २०१६ पासून तिथे सहयोगी सदस्य आहे. पण तिची खिडकी पीएचडीनंतर जेमतेम दोन वर्षं उघडी असते. त्या मानाने मारी क्यूरी फेलोशिप उदार आहे, संशोधनाच्या आठ वर्षांपर्यंत चालते.

आता घोळ कुठे होतो? 'पीएचडीची तारीख' नक्की कोणती, इथे. प्रबंध सादर केला ती, तोंडी परीक्षा झाली ती की विद्यापीठाने अधिसूचना काढली ती? आपल्याकडे या तीन तारखांमध्ये कित्येक महिन्यांचं अंतर पडू शकतं. योजनेच्या नियमावलीत कोणती तारीख धरतात ते वाचावं आणि विद्यापीठाकडून तात्पुरतं प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावं. परीक्षा विभागाच्या खिडकीवर शेवटच्या आठवड्यात उभं राहण्यात अर्थ नाही.

बाळंतपण, आजारपण किंवा घरच्या जबाबदारीमुळे संशोधनात खंड पडला असेल तर तो लपवू नये. मारी क्यूरीमध्ये असा खंड अनुभवाच्या वर्षांतून वगळतात, एम्बो पालकत्वाच्या रजेसाठी मुदत वाढवते, इंडिया अलायन्सही खंड विचारात घेते. पण हे सगळं उमेदवाराने लिहिलं तरच. 'गॅप दिसेल' या भीतीने तो रकाना रिकामा ठेवणाऱ्या कित्येक मुली स्वतःच स्वतःची पात्रता घालवतात.

यजमान कसा शोधायचा?

फेलोशिप तुमची असली तरी प्रयोगशाळा कोणाची तरी असते. त्या शास्त्रज्ञाचं संमतीपत्र आणि संस्थेची सही नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. म्हणून शेवटच्या तारखेच्या किमान सहा महिने आधी संपर्क सुरू करणं शहाणपणाचं.

'आदरणीय सर, मला आपल्या प्रतिष्ठित प्रयोगशाळेत काम करण्याची तीव्र इच्छा आहे' अशा ईमेलला बहुधा उत्तर येत नाही. उत्तर येतं ते छोट्या, नेमक्या ईमेलला. त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला, त्यातला कोणता प्रश्न उघडा राहिला असं वाटतं, तुम्हाला कोणतं तंत्र येतं, कोणत्या फेलोशिपसाठी आणि कोणत्या महिन्यात अर्ज करणार आहात. दहा-बारा ओळी पुरतात. सोबत दोन पानांचा बायोडेटा.

पीएचडीच्या गाइडकडेच राहणं सोयीचं वाटतं. खोली, मेस, मशीन सगळं ओळखीचं. पण निवड समिती पहिला प्रश्न हाच विचारते: यात तुमचं स्वतःचं काय? जुन्या प्रयोगशाळेत राहून त्याचं उत्तर देणं कठीण जातं. शिवाय योजनांचे आपापले नियम असतात. नॅशनल पोस्ट डॉक्टोरल फेलोशिपमध्ये मार्गदर्शक नियमित पदावर असावा लागतो आणि एका मार्गदर्शकाकडे एका वेळी किती फेलो असावेत यालाही मर्यादा आहे. म्हणजे नावाजलेल्या प्राध्यापकांकडे जागाच शिल्लक नसण्याची शक्यता असते. हे ईमेलमध्येच विचारून घ्यावं.

आयसीएमआरची फेलोशिप आयसीएमआरच्याच संस्थांमध्ये करावी लागते. महाराष्ट्रातल्या उमेदवारांना हे फारसं जड जाऊ नये. पुण्यात विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही आणि एड्सवर काम करणारी संस्था आहे, मुंबईत परळला प्रजनन आरोग्याची संस्था आणि केईएमच्या आवारात रक्तविकारांवरची राष्ट्रीय संस्था. इंडिया अलायन्ससाठी भारतातली कोणतीही ना-नफा संशोधन संस्था किंवा रुग्णालय चालतं. उमेदवार भारतीयच असावा अशी अटही नाही.

एमडी, एमएस केलेल्या डॉक्टरांचं काय?

पीएचडी नसली तरी चालतं. आयसीएमआरची फेलोशिप एमडी-एमएसना खुली आहे आणि इंडिया अलायन्समध्ये क्लिनिकल व सार्वजनिक आरोग्याचा वेगळा प्रवाह आहे. डॉक्टरांची खरी अडचण वेळेची असते. ओपीडी, इमर्जन्सी ड्युटी आणि विद्यार्थ्यांना शिकवणं यातून संशोधनाला आठवड्यात किती तास मिळतील? रुग्णालयाने लेखी सांगितलं नसेल तर मुलाखतीत हाच मुद्दा निघतो. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांनी बंधपत्राच्या सेवेचा हिशेबही आधीच लावावा.

प्रस्तावात काय असावं?

इंडिया अलायन्समध्ये आधी प्राथमिक अर्ज असतो. त्यातून निवडलेल्यांना सविस्तर अर्ज करायला सांगतात, तो बाहेरच्या तज्ज्ञांकडे जातो आणि मग मुलाखत होते. फेलोशिप पाच वर्षांची असते. भारतातल्या इतर बहुतेक पोस्टडॉक योजनांपेक्षा हा काळ बराच मोठा आहे, म्हणून स्पर्धाही तशीच.

समजा विषय डेंग्यूचा आहे. 'डेंग्यूच्या रुग्णांमधील रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास' हा प्रश्न नाही, ते प्रकरणाचं शीर्षक झालं. 'तापाच्या पहिल्या तीन दिवसांतल्या रक्ततपासणीवरून पुढे गंभीर होणारा रुग्ण ओळखता येईल का?' हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर हो किंवा नाही येऊ शकतं आणि उत्तर आल्यावर वॉर्डातल्या डॉक्टरला त्याचा उपयोग आहे.

पण मग आकडे आले. २०० रुग्ण घेतले आणि वीसात एक गंभीर होतो असं धरलं, तर हातात गंभीर रुग्ण फक्त १० येतात. दहा जणांवरून असा निष्कर्ष काढता येत नाही. अनुभवी परीक्षक हे गणित आधी करतो, भाषेचं सौंदर्य नंतर बघतो. त्यामुळे प्रस्ताव विषयतज्ज्ञाच्या आधी एखाद्या संख्याशास्त्रज्ञाला दाखवावा.

मुलाखतीत हमखास येणारा आणखी एक प्रश्न: पहिलं गृहीतकच चुकलं तर उरलेली वर्षं काय कराल? 'चुकणार नाही' हे उत्तर नाही.

शोधनिबंधांच्या बाबतीत एक दिलासा आहे. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून संशोधकाला जोखू नये, असं सांगणारा 'डोरा' जाहीरनामा २०१२ पासून अस्तित्वात आहे आणि वेलकमसारख्या संस्थांनी तो स्वीकारला आहे. म्हणून यादी लांबवण्यापेक्षा प्रत्येक निबंधात तुमचा स्वतःचा वाटा काय होता, ते एका वाक्यात लिहिणं जास्त कामाचं.

परवानग्या आणि बजेट

वैद्यकीय संशोधन इथे इतर शाखांपेक्षा वेगळं पडतं. माणसांवर अभ्यास असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, प्राण्यांवर असेल तर प्राणी नीतिमत्ता समितीची, जनुकीय बदल असतील तर जैवसुरक्षा समितीची. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करावी लागते. परदेशी संस्थेचे पैसे किंवा सहभाग असेल तर आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचाही टप्पा येऊ शकतो. हे सगळं अर्जाच्या वेळीच हातात असावं असं सगळीकडे नसतं. पण पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात त्यासाठी महिने राखून ठेवलेले दिसले पाहिजेत. पहिल्या महिन्यापासून नमुने गोळा करणार असं लिहिणाऱ्याला अनुभव नाही, हे लगेच कळतं.

बजेटमध्येही तसंच. आयात केलेल्या रसायनांवर किती भरवसा ठेवावा हे २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. जुलैच्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के झालं, संशोधकांनी ओरड केली आणि काही दिवसांतच ते मागे घेतलं गेलं. ते काही दिवस अनेकांची ऑर्डर देण्याची हिंमत झाली नाही. पर्यायी पुरवठादार आणि थोडी जास्तीची तरतूद यावर परीक्षक नाक मुरडत नाहीत.

नकार आला तर?

बहुतेकांना येतो. मारी क्यूरीच्या २०२५ च्या फेरीत १७ हजारांहून जास्त अर्ज आले, तोपर्यंतचा हा उच्चांक होता. परीक्षकांचे शेरे मिळत असतील तर ते दोन दिवसांनी, राग शांत झाल्यावर वाचावेत. मारी क्यूरीत एक खास अट आहे: ठरावीक पातळीपेक्षा कमी गुण मिळाले तर लगेच पुढच्या वर्षी त्याच यजमान संस्थेसोबत अर्ज करता येत नाही. 'टाकून तर बघू' म्हणून घाईत भरलेला अर्ज असा पुढचं वर्षही खातो.

देशात मात्र एक दार पुन्हा उघडलं आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या इंडिया अलायन्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. एकूण खर्च १,५०० कोटी रुपये, त्यातले १,००० कोटी जैवतंत्रज्ञान विभागाचे आणि ५०० कोटी ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचे. टप्पा बदलला की अटीही बदलू शकतात, त्यामुळे जुन्या पीडीएफवर विसंबू नये.

निवड झाल्यावरही एक चौकशी करायची राहते आणि ती कोणत्याच नियमावलीत सापडत नाही. फेलोशिपचे पैसे बहुधा संस्थेच्या खात्यातून येतात आणि हप्ता लांबला की भाडं फेलोलाच भरावं लागतं. संस्थेत आधीपासून असलेल्या दोन-तीन फेलोंना गाठावं आणि सरळ विचारावं: पहिला पगार रुजू झाल्यावर किती महिन्यांनी आला? उत्तरात जितके महिने येतील, तितक्या महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून रुजू व्हावं.