बिनदुधाचे गोडधोड

गेल्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. आमच्या स्टेट कॉलेजमध्ये मराठी घरे थोडी, त्यामुळे आरतीला विद्यापीठातले विद्यार्थी, नोकरदार, निवृत्त मंडळी सगळी एकत्र येतात आणि प्रत्येक घरून एकेक पदार्थ येतो. टेबलावर बासुंदी, श्रीखंड, रिकोटाचे पेढे, तुपाने माखलेले मोदक आणि मसालेभात, दह्यातली कोशिंबीर अशी झकास मांडणी होती. माझ्या सोळा वर्षांच्या मुलीच्या ताटात मात्र पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि पांढरा भात एवढेच. दोन वर्षांपूर्वी तिने दूध-दुभते सोडले. एका काकूंनी प्रेमानेच तिच्या ताटात मोदक वाढला आणि म्हणाल्या, "अगं, प्रसाद आहे, नाही म्हणू नये. आपल्या संस्कृतीत असलं व्हीगन-बिगन काही नसतं."

मुलगी काही बोलली नाही. मोदक तसाच राहिला. घरी येताना गाडीत तिने विचारले, "बाबा, आपल्याकडे दूध नसलेलं गोड खरंच कधी नव्हतं?" प्रश्न साधा, पण त्यामागचा प्रश्न निराळा होता. या टेबलावर माझी जागा आहे की नाही, असे ती विचारत होती. आमचा पेशा संगणकाचा आणि शिक्षण इंजिनिअरिंगमधल्या डॉक्टरेटपर्यंतचे, म्हणजे पुरावा पाहिल्याशिवाय उत्तर न देण्याची खोड जडलेली. म्हटले, शोधून सांगतो. त्या शोधाची ही हकीकत.

पहिला फोन अर्थातच आईला, रत्नागिरीला. तिला 'व्हीगन' म्हणजे काय ते समजावण्यात दहा मिनिटे गेली आणि शेवटी ती म्हणाली, "अरे, मग आम्ही दुसरं काय खात होतो? दूध चहापुरतं यायचं. गोड करायचं ते नारळाचं." मग तिने यादीच सुरू केली. गौरीच्या सणातले घावन-घाटले. नागपंचमीच्या, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. फणसाच्या रसाचे सांदण. काकडीचे धोंडस. मालवणकडचे शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस. गोव्यात हरभऱ्याची डाळ आणि साबुदाणा घालून केलेले मणगणे, आणि नाताळात तांदळाचे पीठ, माडाचा गूळ व नारळाचे दूध तासन्‌तास ढवळून केलेला दोदोल. मोदकाचे सारणही गूळ-खोबऱ्याचेच. तूप येते ते वाढताना, वरून. सोलकढी तरी काय, ताकाशिवायची कढीच की!

याचे कारण कुठल्या तत्त्वज्ञानात नव्हते, ते जमिनीत होते. कोकणात शंभर इंचांहून जास्त पाऊस, पण जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी टिकत नाही. पावसाळा संपला की गवत वाळते, मग गुरांना भाताचा पेंढा. अशा प्रदेशात टिकणारी गुरे लहानखुरी आणि काटक. त्यातल्या गाईंची 'कोकण कपिला' म्हणून स्वतंत्र जात आता सरकारदरबारी नोंदली गेली आहे. ही गुरे नांगराला आणि शेणखताला उपयोगी, दूध बेताचेच. परसात मात्र माड उभा. त्यामुळे नारळ फोडून, खवून, वाटून, पिळून जे निघते त्यालाही आपण 'दूध'च म्हटले. त्या शब्दाला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

यात एक रसायनशास्त्रही दडले आहे आणि ते मला सर्वांत मनोरंजक वाटले. उकळत्या गाईच्या दुधात गूळ घातला की दूध फाटते, हे आपल्या आयांना पाठ असते. गूळ किंचित आंबटपणाकडे झुकणारा, त्यात क्षारही असतात, आणि दुधातले केसीन नावाचे प्रथिन त्याने गोळा होते. नारळाच्या दुधात केसीन नसते, म्हणून ते गुळाशी सुखाने नांदते. (फार उकळले तर तेही फुटते, म्हणून जाड दूध शेवटी, आच बंद करून घालायचे.) म्हणजे आपल्या गोडाची दोन घराणी झाली: गूळ आणि नारळ हे एक, साखर आणि गाई-म्हशीचे दूध हे दुसरे. बासुंदी, पेढे, श्रीखंड दुसऱ्या घराण्यातले, आणि हे घराणे खर्चिक.

ते जुने नाही असे नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने १२ व्या शतकात, ११३० च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या अन्नाच्या प्रकरणात दह्यात साखर घालून केलेली शिखरिणी आहे, म्हणजे आपल्या श्रीखंडाची पणजी. पण ती राजाची पंगत होती. घाटावरही गाई-म्हशी होत्या, ताक घरोघरी होते, हे खरेच. देशावरचा माणूस दुधाशिवाय राहत होता असे मी मुळीच म्हणणार नाही. पण सामान्य घरात तूप बहुधा विकायला जायचे आणि ताक घरात राहायचे. सणाचे गोड म्हणजे पुरण. डाळ, गूळ, कणीक. त्याबरोबर गुळवणी किंवा कटाची आमटी. तेलावर लाटलेली तेलपोळी, संक्रांतीची गुळपोळी, तिळाचे लाडू यांत दूध कुठे आहे? उपासाची दाण्याची आमटी आणि वरीचे तांदूळही तसेच. आणि हा दाणा तरी कुठला? भुईमूग दक्षिण अमेरिकेतून आला. साबुदाण्याचा टॅपिओका तिथलाच, आणि त्याचे कारखाने तामिळनाडूत सेलमकडे सुरू झाले ते १९४० च्या दशकात. आपले सर्वांत सोवळे पदार्थही असे परदेशातून येऊन आपले झालेले आहेत.

मग बासुंदी आणि श्रीखंड सगळ्यांच्या ताटात आले कधी? याचे उत्तर सहकारी चळवळीच्या इतिहासात सापडते. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने उभा राहिलेला प्रवरेचा साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि साखर हळूहळू खेड्यापाड्यांत पोचली. मुंबईत आरे कॉलनी १९४९ ची. तरी पुढे कित्येक वर्षे मुंबईकर दुधाचे कार्ड घेऊन पहाटे केंद्रावर रांग लावत होता. दुधाची टंचाई अशी की पश्चिम बंगालमध्ये १९६५ साली सरकारने छेन्याच्या मिठाईवरच बंदी घातली होती! १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झाले आणि चित्र पालटले. १९५०-५१ साली भारतात माणशी रोज १३० ग्रॅम दूध होते, २०२२-२३ साली ते ४५९ ग्रॅम झाले. एकूण उत्पादन १.७ कोटी टनांवरून २३ कोटी टनांवर गेले. लग्नातली बासुंदी, डब्यातले श्रीखंड, खव्याचे गुलाबजाम यांना आपण 'पूर्वापार' म्हणतो. बहुसंख्य घरांच्या दृष्टीने ते एक-दोन पिढ्यांचे आहेत. आणि मधल्या काळात, १९३७ साली डालडा आल्यापासून, 'तुपातल्या' म्हणून खाल्लेल्या किती जिलब्या नकळत बिनतुपाच्या होत्या, ते हलवायालाच ठाऊक.

आता अमेरिकेकडे वळू. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आपली मंडळी मोठ्या संख्येने इकडे आली, तेव्हा इथे ना खवा होता ना चक्का. मग सुगरणींनी काय केले? बिस्क्विक आणि दुधाच्या पावडरीचे गुलाबजाम. सावर क्रीम आणि क्रीम चीज घोटून श्रीखंड. डब्यातल्या इव्हॅपोरेटेड मिल्कची बासुंदी. रिकोटा परतून पेढे. ही मूळ पदार्थांची 'व्हर्शन्स' नाहीत तर काय? सामानाबरोबर १९७० साली निघालेली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आणायची आणि त्यातले निम्मे जिन्नस बदलून पदार्थ उभा करायचा, ही आपल्या आधीच्या पिढीची इथली कमाई. त्याला कोणी संस्कृतीबाह्य म्हटले नाही. आज तेच काम काजूची पेस्ट आणि ओटचे दूध घेऊन मुले करू लागली की मात्र आपल्या कपाळाला आठ्या!

आमच्या गावापुरती गंमत अशी की हे गावच दुधाचे आहे. पेन स्टेटची सुरुवात १८५५ साली शेतकऱ्यांची शाळा म्हणून झाली आणि आइस्क्रीमचा अभ्यासक्रम इथे १८९२ पासून चालतो. भारतातून पाहुणे आले की बर्की क्रीमरीचे आइस्क्रीम खाऊ घातल्याशिवाय आम्ही त्यांना सोडत नाही. बेन आणि जेरी या जोडीने इथलाच पाच डॉलरचा पत्राद्वारे चालणारा अभ्यासक्रम केला आणि १९७८ मध्ये व्हरमाँटला दुकान काढले. त्यांच्याच कंपनीने २०१६ मध्ये बदामाच्या दुधाचे आइस्क्रीम बाजारात आणले. दुधाच्या शाळेत शिकलेल्यांनाही वारा ओळखावा लागला.

आणि 'व्हीगन' हा शब्द? तो मात्र खरोखर परका. इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि सहकाऱ्यांनी तो घडवला. पण विचार शोधत गेलो तर वाट आपल्याच दारात येते. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. पुढे मोठ्या आजारपणानंतर, १९१९ मध्ये मुंबईत, कस्तुरबांच्या सांगण्यावरून ते शेळीच्या दुधाला तयार झाले आणि तो सल त्यांना राहिला. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचे प्रयोग केले. त्याहून नवल म्हणजे अमेरिकन व्हीगन सोसायटी १९६० मध्ये न्यू जर्सीतल्या मलागा गावी स्थापन करणारे जे दिनशा हे मुंबईत जन्मलेल्या पारशी गृहस्थांचे चिरंजीव. १९५७ मध्ये आपल्याच पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाचा एक कत्तलखाना पाहून त्यांनी दूधही सोडले. संस्थेच्या मासिकाला त्यांनी नाव दिले: 'अहिंसा'. माझ्या मुलीने जे इंग्रजीतून उचलले, त्यात एक शब्द आपल्या घरचा होता.

हे सगळे तिला सांगितले तेव्हा एक कबुलीही दिली. सगळ्याच पदार्थांना दुसरे रूप देता येत नाही. बासुंदी म्हणजे आटवलेले दूधच. ते काढले तर उरते काय? काजूचे दूध आटवून चांगला पदार्थ होतो, पण त्याला त्याचे स्वतःचे नाव द्यावे, बासुंदी म्हणून फसवू नये. पंचामृतही जसे आहे तसेच राहू दे. आजीच्या श्रद्धेला धक्का न लावता तुझ्यासाठी पाच पदार्थ मांडता येतात, ते आधी मांडू.

यंदा आम्ही घाटले नेले. नारळाचे पातळ दूध, त्यात तांदळाची पिठी कालवून शिजवायची, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ, आच बंद केल्यावर जाड दूध. मोदक दोन ताटांत ठेवले, तुपाची वाटी बाजूला. कुठेही पाटी लावली नाही. त्याच काकूंनी दुसऱ्यांदा घाटले घेतले आणि विचारले, "कोणी केलं हो? माझी आजी करायची. पन्नास वर्षांत खाल्लं नव्हतं." मी मुलीकडे बोट दाखवले. काकूंनी तिला जवळ बसवून घेतले आणि आजीच्या गावच्या गौरींच्या गोष्टी सांगायला लागल्या.

परत येताना मुलीला विचारले, "कसं झालं होतं?" ती म्हणाली, "गूळ थोडा जास्त झाला, बाबा." आईला फोन करून हे सांगितले, तर ती म्हणाली, "गुळाचं मेलं असंच असतं. पुढच्या खेपेला मला विचारून घाल म्हणावं."