चितारआळीतले गोल पत्ते

१९९९ साली अमेरिकी चित्रकार कॉज याने जपानच्या बाउंटी हंटरसाठी ‘कम्पॅनियन’ ही व्हायनलची बाहुली घडवली. भिंतीवरची चित्रकला हातात घेण्याजोगी झाली आणि मोजक्या प्रतींच्या खेळण्यांचा संग्रह जगभर बहरला. चित्रकाराने रंगवलेला खेळ जपण्याची ओढ महाराष्ट्राला मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

सावंतवाडीची चितारआळी लाकडी फळा-भाज्यांइतकीच गंजिफा या हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांसाठी ओळखली जाते. दशावतारी गंजिफेचे पत्ते १२०. दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. त्यांत राजा, प्रधान आणि एक ते दहा. पारंपरिक रीतीत कापडाला चिंचोक्याची खळ लावून गोल चकत्या करत, त्यावर रंग आणि शेवटी लाखेचा थर चढे. सगळे हातचे काम, त्यामुळे कोणतेही दोन संच तंतोतंत सारखे नसत.

छापील पत्ते आले आणि मागणी आटली.

तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या शिकून घेतली, इतरांना शिकवली. राजवाड्यातच कार्यशाळा उभी राहिली. तिथे रंगवलेले संच आज देशोदेशीचे संग्राहक विकत घेतात.