नाण्यावरचे साल आणि ठशाचे वय

नाण्यावर १७९१ दिसले, की नाणे त्याच वर्षीचे असे आपण धरून चालतो. वस्तुतः ते साल ठशावर कोरलेले असते.

ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ व १७९४ सालची तांब्याची नाणी बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत, मॅथ्यू बोल्टनच्या वाफेच्या यंत्रांवर पाडून घेतली. एका बाजूस कंपनीची खूण, दुसऱ्या बाजूस तराजू. कर्जत-खालापूर भागात तेव्हा पेशव्यांचा अंमल होता. तिथे शिवराई चाले.

१८५० साली सोहोचे सामान लिलावात निघाले. लंडनच्या डब्ल्यू. जे. टेलर यांनी अनेक जुने ठसे घेतले आणि संग्राहकांसाठी त्यांवरून चकचकीत प्रूफ नाणी पुन्हा पाडली. भारतीय टांकसाळीही १८३५ पासूनच्या बहुतेक नाण्यांच्या अशा पुनरावृत्ती पुरवीत. ही प्रथा १ जुलै १९७० रोजी बंद झाली.

मग ओळखायचे कसे? पोलादी ठसा पडून राहिला तर गंजतो, त्यावर खड्डे पडतात. नाण्यावर ते बारीक उंचवटे होऊन उमटतात. उलट, तांब्याच्या नाण्यालाच कळंक लागला तर नाण्यावर खड्डे दिसतात. म्हणजे उंचवटे दिसले, तर ठसा कोरणे आणि नाणे पाडणे यांत बराच काळ गेला असावा.

विद्यार्थ्यांच्या घरी जुने तांब्याचे नाणे असेल, तर वर्गात भिंगाखाली जरूर पाहावे. साल त्यानंतर वाचावे.