हृदयविकार आणि वर्गभेद : ठाणे-कल्याण परिसरातील एक ऐतिहासिक प्रश्न

हृदयविकाराचा झटका गरीब-श्रीमंत पाहत नाही, अशी समजूत रूढ आहे. ती तपासून पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय. ‘काळाने घाला घातला’ असे आपण म्हणतो, तेव्हा मरणाचे कर्तेपण काळाकडे जाते. रुग्णालय, वाहन वा वेतन यांना त्या वाक्यात स्थान उरत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या गाळलेल्या गोष्टींचाच शोध घ्यावा लागतो.

रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध वेळेवर दिल्यास मृत्यू घटतात, हे १९८६ साली इटलीतील मोठ्या पाहणीने दाखविले. तेव्हापासून तास आणि मिनिटे ही उपचाराचीच अंगे झाली. ‘लॅन्सेट’मध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातील ५० शहरांमधील ८९ रुग्णालयांतले वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण श्रीमंतांत शेकडा ५.५, तर गरिबांत ८.२ आढळले. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेताच ही तफावत नाहीशी झाली. म्हणजे भेद हृदयात नव्हता, उपचारात होता. शिवाय रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यम काळ ३६० मिनिटांचा होता.

आता आपल्या परिसराकडे वळू. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने संघटित कामगाराला वैद्यकीय संरक्षण दिले. पण ते नोकरीशी जखडलेले होते. कारखान्याला टाळे लागले की तेही कालांतराने संपे. घरकाम करणारी स्त्री किंवा नाक्यावरचा मजूर त्या कक्षेत कधी आलाच नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत ठाणे नव्हते. ती येथे आली नोव्हेंबर २०१३ मध्ये. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२३ साली सर्व कुटुंबांना पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय झाला.

खर्चाचा प्रश्न असा काही अंशी सुटला; वेळेचा सुटला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात अठरा रुग्ण दगावले. मृत्यूंची कारणे निरनिराळी होती. तथापि दूरदूरच्या गरिबांचा भार एकाच रुग्णालयावर किती पडतो, हे त्यातून उघड झाले. मध्यरात्री दिव्याच्या चाळीत छातीत कळ आलेल्या मजुराला आधी जवळचा दवाखाना, मग कळवा, आणि तेथून मुंबई असे धाडले गेले, तर प्रत्येक टप्प्यावर त्याच्या हृदयाचा काही भाग मरत असतो. शिधापत्रिका शस्त्रक्रियेचे देयक भागवील. गेलेला तास परत आणणार नाही.

‘काळ’ या शब्दाचे मृत्यू आणि वेळ असे दोन अर्थ आहेत. घाला घालतो तो पहिला. परंतु त्याला वाट करून देतो तो दुसरा, आणि त्याची वाटणी समाजाने केलेली आहे.