निर्देशिका वाचन (संगणक)

निर्देशिका वाचन म्हणजे एखाद्या फोल्डरमधील फाइलींची नावे प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडून एकामागून एक मागवून घेणे. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत यासाठी तयार फंक्शने असतात. तोच प्रोग्राम एका प्रणालीवर सुरळीत चालतो आणि दुसरीवर कोसळतो, असा अनुभव या फंक्शनांबाबत वारंवार आला आहे. फाइलच्या नावाची लांबी व रूप यांविषयी एका प्रणालीवर खरे ठरणारे गृहीतक दुसरीवर खोटे ठरणे, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. देवनागरी नावे या मर्यादांना रोमन नावांपेक्षा लवकर भिडतात.

पार्श्वभूमी

फोल्डर उघडणारे 'ओपनडिर' आणि पुढचे नाव देणारे 'रीडडिर' ही सी भाषेतील फंक्शने १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये आली व पुढे पॉझिक्स मानकात समाविष्ट झाली. पायथन, पीएचपी, पर्ल इत्यादी भाषा युनिक्सवर्गीय प्रणालींवर आतून यांचाच आधार घेतात. एकाच वेळी अनेक धागे चालवणाऱ्या प्रोग्रामांसाठी 'रीडडिर_आर' हे फंक्शन नंतर आले. त्यात नाव साठवण्याची जागा प्रोग्रामने स्वतः राखून द्यायची असते, आणि घोटाळा नेमका येथेच होतो.

नावाची लांबी

लिनक्सवर या जागेत नावासाठी २५६ बाइट धरलेले असतात, तर सोलारिसवर त्याच रचनेत नावापुढे केवळ १ बाइट जाहीर केलेला असतो. उरलेली जागा प्रोग्रामरने मोजून वाढवावी अशी अपेक्षा असते. लिनक्सवर लिहिलेला प्रोग्राम ती वाढवत नाही. परिणामी नाव शेजारच्या मेमरीवर लिहिले जाते आणि प्रोग्राम कोसळतो.

लिनक्सवरही धोका उरतोच. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा व हलन्तसुद्धा, ३ बाइट घेते. 'अमरावती' या नावाला २१ बाइट लागतात, तर 'संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ' याला ८७. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल पद्धतीत नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे अवघी ८५ देवनागरी चिन्हे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मात्र २५५ चिन्हे चालतात व त्यांचे ७६५ बाइट होऊ शकतात. अशी डिस्क लिनक्सला जोडली की राखलेली जागा अपुरी पडते. ग्नू सी लायब्ररीच्या २.१८ व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांतील हा दोष २०१३ मध्ये सुरक्षा-त्रुटी म्हणून नोंदवला गेला. दुरुस्तीनंतर फंक्शन लांब नाव गाळून शेवटी त्रुटी कळवते. कोसळणे थांबले, पण ती फाइल त्या फंक्शनला दिसत नाही. तेव्हा ही दुरुस्ती अर्धीच म्हणावी लागते. २०१६ च्या २.२४ आवृत्तीपासून 'रीडडिर_आर' वापरू नये असे जाहीर झाले.

'वऱ्हाड'चे उदाहरण

अमरावती-अकोला प्रदेशाचे 'वऱ्हाड' हे नावच दुसऱ्या अडचणीचा नमुना आहे. युनिकोडमध्ये 'ऱ' हे एकच चिन्ह म्हणून किंवा 'र' आणि नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला पहिले नाव १८ बाइटांचे, दुसरे २१ बाइटांचे. मॅकच्या १९९८ मधील एचएफएस प्लस पद्धतीत नावे फोड करूनच साठवली जात. तेथून लिनक्सवर आलेले 'वऱ्हाड' फोल्डर टंकलेल्या नावाशी जुळत नाही आणि 'ओपनडिर' रिकामा निर्देशांक परत करते. तो न तपासता 'रीडडिर'कडे सोपवला की प्रोग्राम बंद पडतो.

दुरुस्ती

सध्याच्या प्रचलित लायब्रऱ्यांत वेगवेगळ्या धाग्यांनी वेगवेगळी फोल्डरे वाचण्यास साधे 'रीडडिर' सुरक्षित असते. एकच उघडलेले फोल्डर अनेक धागे वाचत असतील तर कुलूप वापरावे लागते. परत आलेला निर्देशांक दरवेळी तपासणे आणि नावांची तुलना करण्यापूर्वी ती एकाच युनिकोड रूपात आणणे हेही आवश्यक असते. विंडोजवर रुंद चिन्हांची फंक्शनेच वापरावी लागतात, कारण जुन्या फंक्शनांत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात व अशा नावाने फाइल उघडता येत नाही. पायथन ३.० मध्ये न उलगडणारी नावे यादीतून निमूटपणे वगळली जात; २००९ च्या ३.१ आवृत्तीपासून त्यांचे मूळ बाइट जपले जातात. फाइलींची नावे आखूड व रोमन लिपीत ठेवावीत, हा सर्रास दिला जाणारा सल्ला वापरणाऱ्याची तात्पुरती सोय करतो. प्रोग्राममधील दोष त्याने जात नाही.