जामावरचा हिरवा किडा

भाद्रपदात पाऊस जरा उसंत घेतो, ऊन चटका देऊ लागतं आणि नागपुरात अंगणातला जाम पिकतो. बाकीचा महाराष्ट्र ज्याला पेरू म्हणतो त्याला आम्ही जाम म्हणतो. अशा दिवसांत सकाळी झाडाखाली गेलं की एखाद्या फुटलेल्या, वास सुटलेल्या फळात डोकं खुपसून बसलेला एक किडा हमखास दिसतो. अंगठ्याच्या नखाएवढा, हिरवागार आणि पितळेच्या भांड्यासारखा लखलखीत. फळ हलवलं की विमानासारखी घरघर करत उडून जातो.

तो पाहिल्यावर घरातलं माणूस दोन प्रश्न विचारतं. पहिला, “हा कोणता किडा?” दुसरा, “याच्यावर काय मारायचं?” बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर न मिळताच दुसऱ्याचं मिळतं. ही घाई आजची नाही. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात विदर्भाने बरंच भोगलं आहे.

या चमकत्या किड्यांशी आपला जुना संबंध होता तो कपड्यांचा आणि खेळाचा. सोनकिडा म्हणून खेडोपाडी ओळखला जाणारा जो किडा आहे, तो पावसाळ्यात बाभळीवर, बोरीवर येतो. लांबट, टणक अंगाचा. शास्त्रज्ञ त्याच्या वंशाला स्टर्नोसेरा म्हणतात. मुलं त्याला काडेपेटीत ठेवतात, पायाला दोरा बांधून उडवतात. त्याच्या पाठीवरच्या कठीण पंखांचा हिरवा रंग हा रंगद्रव्याचा नसतो. पंखावरच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परतताना तो तयार होतो. म्हणून किडा मेला तरी रंग उडत नाही. ही गोष्ट भारतातल्या कारागिरांना फार पूर्वीच उमगली होती. मोगल काळापासून हे पंख कापडावर टिकल्यांसारखे शिवले जात. बसोलीच्या चित्रकारांनी दागिन्यांतला पाचू दाखवायला याच पंखांचे तुकडे चित्रात चिकटवले. 1903 च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने घातलेल्या मोरपिशी पोशाखात प्रत्येक डोळ्याच्या मधोमध असाच हिरवा पंख होता. त्याआधी 1888 साली लंडनच्या रंगभूमीवर एलेन टेरीने लेडी मॅक्बेथची भूमिका केली तेव्हाचा तिचा झगाही याच पंखांनी मढवलेला होता.

म्हणजे हा किडा कोण, हे कारागिरांना माहीत होतं, पण त्यांच्या कामापुरतं. तो काय खातो, त्याची अळी कुठे वाढते, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

दुसरी ओळख संग्राहकांनी करून दिली. स्वीडनच्या लिनियसचा शिष्य योहान गेरहार्ड कोनिग 1768 साली तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला. वनस्पतींबरोबर तो किडेही गोळा करून युरोपला पाठवत असे. तिथे लिनियसचा दुसरा शिष्य फॅब्रिशियस त्यांची वर्णनं लिहून नावं ठेवत होता. त्याने 1775 साली फुलांवर, फळांवर येणाऱ्या चकचकीत भुंगेऱ्यांसाठी ‘सेटोनिया’ हा वंश केला. आपल्या जामावरचा किडा याच घराण्यातला. 1910 साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या गिल्बर्ट ॲरोने ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेत या घराण्यावर एक खंड लिहिला. पंखाची कड, छातीची ठेवण, पायाचे काटे पाहून किडा ओळखायचा, ही त्याची रीत. नागपूरला 1863 पासून संग्रहालय आहे, आपला अजब बंगला. त्याच्या डी’अब्रू नावाच्या अभिरक्षकाने 1931 साली मध्य प्रांतातल्या फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली. ही सगळी माणसं “हा कोणता?” याच प्रश्नावर आयुष्य घालवत होती. पण त्यांचं लेखन इंग्रजीत होतं आणि ते कपाटांत राहिलं. जामाच्या झाडाखालच्या माणसापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही.

पोचली ती तिसरी ओळख. 1903 साली हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हा तरुण इंग्रज भारत सरकारचा कीटकशास्त्रज्ञ म्हणून नेमला गेला. पुढे बिहारमधल्या पुसा इथे त्याचं काम चाललं. 1906 साली त्याचं भारतातल्या उपद्रवी किडींवरचं पुस्तक आलं आणि 1909 साली मैदानी भारतातल्या एकंदर कीटकसृष्टीवरचा जाडजूड ग्रंथ. नागपूरचं कृषी महाविद्यालयही 1906 सालचंच. काळ दुष्काळांनंतरचा होता. कापूस, गहू, ऊस यांचं किडींनी होणारं नुकसान कमी करणं हे सरकारचं काम झालं होतं आणि त्या कामाची गरज खरीच होती. पण त्यातून किड्याकडे पाहण्याची एक सवय लागली. पीक कोणतं, त्यावर कीड कोणती, तिच्यावर उपाय कोणता. जो किडा पिकावर दिसला तो पिकाचा वैरी, असं धरून चालणं सोपं झालं. लेफ्रॉय स्वतः असा घाईचा माणूस नव्हता, त्याचा दुसरा ग्रंथ निरुपद्रवी किड्यांनीही भरलेला आहे. पण खेड्यापर्यंत गेला तो उपायाचा रकाना.

ही सवय कशी फसवते हे पाहायला संत्र्याच्या बगीचासारखी जागा नाही. रघूजीराजे भोसल्यांनी 1896 च्या सुमारास औरंगाबादहून संत्र्याची झाडं आणून सीताबर्डीजवळ लावली, असं नेहमी सांगितलं जातं. पुढे काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी हा सगळा पट्टाच संत्र्याचा झाला. आंबिया बहाराची फळं पावसाळा सरता सरता रंग धरू लागतात तेव्हा रोज सकाळी झाडाखाली गळालेल्या फळांचा सडा पडतो. फळ उचललं तर त्याला एक भोक, भोकाभोवती मऊ पडलेला डाग, आणि कधीकधी त्याच भोकात एखादा चमकता भुंगेरा. चोर रंगेहाथ सापडला, असंच कुणालाही वाटेल.

पण भोक पाडणारा निराळा असतो आणि तो रात्री येऊन गेलेला असतो. फळातला रस शोषणारा हा पतंग मोठा, पिवळ्या मागच्या पंखांचा. त्याची सोंड इतकी कणखर असते की ती संत्र्याच्या सालीतून आरपार जाते. त्या भोकातून बुरशी शिरते, फळ सडतं आणि गळतं. या पतंगाची अळी संत्र्यावर वाढतच नाही. ती वाढते कुंपणावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. म्हणून दिवसा झाडावर कितीही औषध मारलं तरी तिला काही होत नाही. वेली काढणं, संध्याकाळी बगीचात धूर करणं, गळालेली फळं उचलून पुरून टाकणं, हे जाणकार शेतकऱ्यांचे उपाय त्या पतंगाची चाल ओळखून आलेले आहेत.

आणि तो हिरवा भुंगेरा? त्याचे जबडे मऊ आहाराचे आहेत. पराग, मध, झाडाच्या जखमेतून झिरपणारा रस आणि पिकून फुटलेलं फळ हे त्याचं जेवण. पक्ष्याने टोचलेलं, पतंगाने भोसकलेलं किंवा उन्हापावसाने तडकलेलं फळ त्याला लागतं. तो अगदीच निर्दोष आहे असंही नाही. अंजिरासारखं पातळ सालीचं फळ पिकलं की तो आधी पोचू शकतो आणि गुलाबाची पाकळीही कुरतडतो. पण बहुतेक वेळा तो पंगत उठल्यावर आलेला पाहुणा असतो.

त्याला ओळखायला भिंग लागत नाही. तो उडताना पाहा. बहुतेक भुंगेरे पाठीवरची टणक झाकणं वर उचलून मगच उडतात. सेटोनियाच्या घराण्यातले झाकणं मिटलेलीच ठेवतात. झाकणाच्या कडेला खाच असते, तिथून आतले पंख बाहेर काढतात. दिवसाढवळ्या, उन्हात, मिटल्या पाठीने घरघरत उडणारा हिरवा भुंगेरा दिसला की घराणं ठरलं. आपल्याकडे ज्वारी-मक्याच्या तुऱ्यावर पावसाळ्यात येणारा, अंगावर बारीक लव असलेला हिरवा-सोनेरी भुंगेरा कायलोलोबा वंशातला. तांबूस हिरव्या पाठीवर पांढरे ठिपके असलेले प्रोटेशिया वंशातले, ते फळांवर अधिक दिसतात. रात्री दिव्यावर येणारा, गुळगुळीत हिरवा, ज्याच्या पायाच्या दोन नखांपैकी एक मोठं नि एक लहान असतं, तो ॲनोमलाच्या जवळचा. तो पानं खातो. मोगली एरंडाच्या कुंपणावर घोळक्याने बसणारा, काळ्या ठिपक्यांचा हिरवा किडा तर भुंगेराच नाही. तो ढेकणाच्या जातकुळीतला, चावत नाही, सोंडेने रस ओढतो.

अळीची खूण आणखी गमतीची. खताच्या खड्ड्यात पांढरी, जाड, वाकडी अळी निघाली की लोक “हुमणी” म्हणून ठेचतात. तिला सपाट फरशीवर ठेवा. हुमणी कुशीवर वेटोळं करून पडते किंवा पायांनी सरपटते. सेटोनियाची अळी उताणी होते आणि पाय आकाशाकडे करून पाठीवर चालू लागते. हुमणी जिवंत मुळं खाते. ही दुसरी कुजकं लाकूड नि पालापाचोळा खाऊन त्याचं खत करते. दिसायला बहिणी, पण एक शेतकऱ्याचं खाते आणि दुसरी शेतकऱ्याला देते.

अलीकडे पहिला प्रश्न मोबाइलला विचारता येतो. फोटो काढला की उत्तर येतं, पण ते कुठलं आहे हे पाहावं लागतं. हिरवा चकाकता किडा म्हटलं की पुष्कळदा जपानी भुंगेऱ्याचं नाव पुढे येतं. हा जपानचा किडा 1916 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत एका रोपवाटिकेत सापडला आणि तिथून पसरत गेला. एडिसनला राहणाऱ्या मराठी घरांतल्या परसबागेत तो गुलाबाची पानं जाळीदार करतो, तेव्हा तिथली तक्रार खरी असते. पण त्याच्यासाठी लिहिलेला उपाय नागपूरच्या जामावर आणला, की चुकीच्या किड्यासाठी खरं विष वापरलं जातं.

त्या विषाचाही एक इतिहास आहे. 1860 च्या दशकाअखेर अमेरिकेतल्या बटाट्याच्या भुंगेऱ्यावर ‘पॅरिस ग्रीन’ मारायला सुरुवात झाली. ती तांबं आणि सोमल यांची भुकटी, मुळात भिंती नि चित्रं रंगवण्याचा हिरवा रंग. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डीडीटी आलं, मग पॅराथिऑनसारखी औषधं. किडे मारण्याचं शास्त्र भारतात उभं करणारा लेफ्रॉय 1925 साली लंडनमध्ये कीटकनाशक वायूचे प्रयोग करताना त्याच वायूने गुदमरून मेला. 1958 साली केरळात पॅराथिऑन सांडलेलं पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. त्यानंतर 1968 चा कीटकनाशक कायदा आला. डब्यावरचा रंगीत त्रिकोण त्याच्या नियमांतला. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि सर्वांत सौम्य तो हिरवा.

हे त्रिकोण असूनही 2017 च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढलेली होती, पंपाचा फवारा अंगावर येत होता, दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती. तोंडाला धड फडकं नव्हतं. तिथली कीड खरी होती, जामावरच्या हिरव्या किड्याशी तिचा काही संबंध नाही. पण “काय मारायचं?” हा प्रश्न आपल्या भागात किती महाग पडू शकतो, ते त्या दोन महिन्यांनी दाखवलं. शेतात पीक वाचवण्यासाठी तो विचारावाच लागतो. अंगणात मात्र तो आधी विचारायचं कारण नाही. तिथलं फळ घरातली मुलं न धुताच खातात.

मृगाच्या लाल मखमली किड्याला आपल्या भाषेत नाव आहे, म्हणून त्याला कुणी मारत नाही. मुलं तळहातावर घेतात आणि सोडून देतात. काजव्याला नाव आहे, शेणकिड्याला आहे, सोनकिड्याला आहे. जामावरच्या या भुंगेऱ्याला सगळ्यांच्या ओळखीचं मराठी नाव नाही आणि बिननावाच्या किड्याला आपण सरसकट “कीड” म्हणतो. कीड म्हटल्यावर पुढचं वाक्य ठरलेलंच असतं.

तेव्हा उद्या सकाळी तो दिसला तर कृषी केंद्रात जायच्या आधी जरा थांबावं. फळ उलटून पाहावं, भोक ताजं आहे की जुनं. किडा उडाला तर त्याची पाठ उघडली की मिटलेलीच राहिली, ते बघावं. झाडाखालची सडकी फळं उचलून खड्ड्यात पुरावीत आणि वर माती लोटावी. भुंगेऱ्याची पंगत मोडते, माश्यांचीही मोडते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या फळांचं खत होतं.